दीड लिटरचा बंब: काटक्यांवरच्या किटलीचे दोन हिवाळे

काटोलजवळ दादाची संत्र्याची बाग आहे, नागपूरपासून साठेक किलोमीटरवर. आंबिया बहाराची तोड आटोपली की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिथे धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली दोन तंबू ठोकतो आणि तीन रात्री काढतो. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी आणि आई. आईचं वय ७६. पहाटे थंडी सात-आठ अंशांवर येते, दवानं तंबू बाहेरून चिंब झालेला असतो, आणि आईला डोळे उघडल्याबरोबर आधी गरम पाणी लागतं, मग चहा. ते पहिलं गरम पाणी वेळेवर मिळावं म्हणून मी बरेच उपाय करून पाहिले आहेत.

बागेतल्या खोलीत लाइट आहे, पण ती शेतीच्या फीडरची. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. तिच्या भरवशावर विजेची किटली चालत नाही. मग गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी आणली. घरात ती उत्तम, पण बागेत वारा आला की ज्योत आडवी होते, आणि पहाटे डबा गारठलेला असतो. त्यातलं ब्यूटेन उणे अर्धा अंशाच्या आसपास वायू होतं. सात अंशांच्या हवेत, अर्धा संपलेल्या डब्यात त्याला जोरच राहत नाही. तीन दगडांची चूल तर होतीच. तिच्यावर पाणी उकळायला पाऊण तास, गंज म्हणजे पातेलं बाहेरून काळाकुट्ट, आणि धूर नेमका आईच्या डोळ्यांत. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तो धूर मला बघवत नव्हता.

तेव्हा काटक्यांवर चालणारी ही किटली मागवली. स्टेनलेस स्टीलची, दीड लिटरची, चार हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीच्या किटल्या आता बरेच जण करतात आणि मला लिहायचं आहे ते या जातीच्या वस्तूबद्दल.

खोकं उघडलं तेव्हा आई गच्चीवर उन्हात बसली होती. किटली हातात घेतली, वरच्या भोकातून खाली बघितलं, बोटानं आतली भिंत वाजवली आणि म्हणाली, "अगं, हा तर बंब. तोटी तेवढी वर नेली आहे."

खरंच तसं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात जाळ, सभोवती पाणी, खाली जाळी आणि राख. ही किटली म्हणजे तेच. खाली खोल वाटीसारखी शेगडी, तिला एका अंगाला हवेसाठी भोक. त्यावर दुहेरी भिंतीची किटली बसते. दोन भिंतींच्या मध्ये पाणी, आणि मधून खालून वर निमुळतं होत गेलेलं धुरांडं. शेगडीत काटक्या पेटल्या की जाळ त्या धुरांड्यातून वर ओढला जातो, वर गेलेली गरम हवा खालच्या भोकातून ताजी हवा खेचते, आणि जाळाला चहूबाजूंनी पाण्याचाच वेढा असतो. चुलीवर गंज ठेवला तर जाळ फक्त बुडाला लागतो, उरलेला कडेनं निसटतो. इथे त्याला बाहेर पडायला वाट एकच, आणि ती पाण्यामधून जाते.

आईनं विचारलं, कुठली वस्तू ही? तिला सांगितलं ते इथेही सांगते. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉक कॉन नावाचं सरोवर आहे. तिथल्या केली घराण्यात १८९० च्या दशकापासून अशी किटली होत आली आहे, आणि ‘केली केटल’ याच नावानं ती आज जगभर ओळखली जाते. पलीकडे न्यूझीलंडमध्ये १९२९ साली जॉन हार्ट यांनी याच तत्त्वावरची ‘थर्मेट’ काढली. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांनी ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात नेली आणि तिचं नाव पडलं ‘बेनगाझी बॉयलर’. काश्मीरचा समोवारही याच कुळातला, मधल्या नळीत कोळसे आणि भोवती कहवा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना सुचलं होतं." पहिल्या दिवसापासून ती या किटलीला बंबच म्हणते. आता बागेतही सगळे तेच म्हणतात.

सोबत आलेल्या कागदावर पाइनची बोंडं जाळा असं लिहिलं होतं. काटोलला पाइन कुठून आणायचा? आमच्याकडे काय जळतं आणि कसं जळतं, हे दोन हिवाळ्यांत जे कळलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण या किटलीचा सगळा गुण तिच्या सरपणात आहे.

सगळ्यात चांगली आमची सल. संत्र्याच्या झाडावरच्या वाळलेल्या फांद्या काढतात तिला इकडे सल म्हणतात. ती झाडावर ठेवली तर रोग पसरतो, म्हणून काढून जाळायचीच असते. करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची सल कडकडीत वाळलेली असली की एका दमात पेटते, धूर अगदी थोडा, आणि निखारा बऱ्यापैकी टिकतो. दुसरा नंबर पऱ्हाटीचा. कापूस वेचून झालेल्या वावरातली पऱ्हाटी जानेवारीत हवी तेवढी मिळते, आच जबरदस्त, फक्त मोडायला हाताला जड जाते. तुरीच्या तुराट्या पेटायला सोप्या, पण अंगात काही नसल्यासारख्या भसकन जळून जातात, सारखं घालत बसावं लागतं. बाभळीच्या बारीक काड्या चांगल्या, काटे सांभाळा. सागाचा पाला घालू नका, धुरानं जीव नकोसा होतो. गोवरीही या किटलीला चालत नाही. ती धुमसत राहते आणि धुरांड्याला लागतो तो नाचता जाळ. आणि कण्हेर तर चुकूनही नको. तिचा धूर विषारी असतो, आणि धुऱ्यावर, फार्महाऊसच्या कुंपणाला ती हमखास लावलेली असते.

पेटवणासाठी आईचे दोन उपाय. एक, कापराची वडी. दुसरा, वाळवलेली संत्र्याची सालं. सालीत तेल असतं, त्यामुळे वाळलेलं साल माचिसची काडी लागताच तडतडत पेटतं आणि काटक्यांनी धरेपर्यंत जळत राहतं. नोव्हेंबरपासून आमच्या गच्चीवर जुन्या धोतराच्या फडक्यावर सालं पसरलेली असतात. कागदापेक्षा ती कितीतरी बरी, कारण कागदाची उडती राख किटलीच्या तोंडात येते.

पहिल्या दिवशी मी शेगडी काटक्यांनी ठासून भरली होती. नुसता धूर. आई खुर्ची पुढे ओढून बसली, अर्ध्या काटक्या काढून टाकल्या, आणि म्हणाली, "बंबाला भूक लागेल तसं घालायचं. एकदम घास कोंबला की तो गुदमरतो." मग तिनं भोक वाऱ्याच्या दिशेला फिरवलं, सालीचे दोन तुकडे पेटवले, त्यावर काड्या, किटली बसवली, आणि जाळ वर आल्यावर धुरांड्याच्या तोंडातून एकेक काटकी खाली सोडत राहिली. लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे वाड्यातला बंब तिच्याच ताब्यात असायचा. सगळ्यांची अभ्यंगस्नानं होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, ही तिची जबाबदारी. आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून तो घासायचाही तिनंच. साठ वर्षांपूर्वीचं ते हाताचं ज्ञान जसंच्या तसं होतं. मी तिच्या हातांकडे बघत होते, घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

पुढच्या खेपांना मात्र वेळ लावली. कोरडी सल, थंडीतलं विहिरीचं पाणी, आणि दीड लिटर भरलेली किटली: काडी ओढल्यापासून खळखळ उकळी यायला सहा ते सात मिनिटं. जाहिरातीत तीन ते पाच म्हणतात. वारा चांगला असेल आणि किटली अर्धीच भरली असेल तर तेवढ्यातही होतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा नेऊन सरपणही तोललं. एका किटलीला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन मुठी काटक्या. तेवढंच पाणी तीन दगडांच्या चुलीवर उकळायला मला याच्या चौपट लागलं.

दादाचे सालदार काका पहिल्या सकाळी येऊन उभे राहिले होते. "काय करून राहिले ताई? चुल्यावर काऊन नाही ठेवत जी?" मी म्हटलं, थांबा पाच मिनिटं. तोटीतून पाणी उडायला लागलं तसे ते खाली बसले, हवेचं भोक बघितलं, धुरांडं बघितलं आणि म्हणाले, "काड्यायवर झालं ना हो हे!" त्यांच्या घरी सकाळी सगळ्यांच्या आंघोळीला जे सरपण लागतं ते त्यांची बायको डोक्यावर आणते. त्यांना यातली बचत माझ्याआधी कळली.

आता सावधगिरी. हा भाग कृपा करून नीट वाचा.

किटलीबरोबर तोटीला लावायचं बूच येतं. ते फक्त पाणी वाहून नेताना लावायचं. जाळ लावण्याआधी ते काढलंच पाहिजे. बूच लागलेलं असताना पाणी उकळलं तर वाफ कोंडते आणि तोटीतून उकळतं पाणी कोणाच्याही अंगावर स्फोटासारखं उडू शकतं. आमच्याकडे नियम असा की बूच आईच्या मांडीवरच्या डब्यात पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माचिस उघडायची नाही. मुलंही हे पाळतात.

दुसरं, रिकाम्या किटलीखाली जाळ नको. आत पाणी आहे तोवर भिंत शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की ती तापत जाते आणि सांधे उकलतात. भरताना तोटीच्या खाली दोन बोटं जागा सोडा, नाहीतर उकळी फुटताच पाणी बाहेर उसळून शेगडीत पडतं.

तिसरं मी अंगावर घेऊन शिकले. किटलीला वर तारेची कडी आहे, लाकडी मुठीची. ती कडी सरळ वर उभी धरून उचलली तर हात थेट धुरांड्याच्या तोंडावर येतो, आणि त्यातून तेव्हाही जाळ येत असतो. पहिल्या हिवाळ्यात मी घाईत तशीच उचलली आणि उजव्या हाताची तीन बोटं भाजली. फोड आठवडाभर होते. बरोबर पद्धत अशी: कडी आडवी, किटलीशी काटकोनात, दोन्ही हातांनी धरायची आणि शेगडीवरून सरळ बाजूला उचलून घ्यायची. मग एका हातात कडी, दुसऱ्या हातानं बुडाजवळची साखळी वर ओढायची, की पाणी तोटीतून पडतं. साखळी तापलेली असते, फडकं जवळ ठेवा. दीड लिटर पाणी आणि किटलीचं वजन मिळून अडीच किलोच्या वर जातं. आईला ती उचलू देत नाही, तिच्या मनगटात तेवढा जोर आता नाही.

आपल्या चहाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. किटलीत फक्त पाणी. दूध, साखर, चहापत्ती आत घातली तर त्या दोन भिंतींच्या मधल्या फटीत हात जात नाही, ती कधीच स्वच्छ होणार नाही. आणि आपला चहा तर उकळल्याशिवाय चहा होत नाही. मग आम्ही असं करतो: पाणी किटलीत उकळायचं, गंजात आलं, गवती चहा, साखर, पत्ती घालून त्यावर ते ओतायचं, किटली बाजूला ठेवायची, आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर जाळी टाकून गंज तिच्यावर चढवायचा. दोन काटक्या घातल्या की दूध ओतल्यावर दोन-तीन मिनिटांत चहा वर येतो. ही जाळी वेगळी विकत घ्यावी लागते, आणि माझ्या मते तिच्याशिवाय मराठी घरानं ही किटली घेऊ नये. माझ्या खोक्यात ती पैसे देऊनही आलीच नव्हती. विकणाऱ्याला तीनदा लिहावं लागलं, अठरा दिवसांनी आली. तोवर आमची पहिली सहल होऊन गेली होती आणि चहा पुन्हा चुलीवरच झाला होता. तेव्हा खोकं उघडताना वस्तू मोजून घ्या.

त्याच जाळीवर वहिनी पोह्यांची फोडणी देते. पोह्यांवरची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, मात्र घरूनच थर्मासमध्ये येते, तिला एवढा जाळ पुरत नाही.

पण मला या किटलीचं खरं मोल कळलं ते आईच्या आंघोळीला. तिला रोज आंघोळ लागते, थंडी असो की आणखी काही. आधी बागेतल्या मुक्कामात ती एवढ्याच एका कारणासाठी दुसऱ्या दिवशी परत चला म्हणायची. एक किटली उकळतं पाणी साडेतीन लिटर गार पाण्यात घातलं की पाच लिटर छान कोमट पाणी होतं. तीन किटल्यांत बादली. मुलं काटक्या मोडून देतात, मी भरते, आई खुर्चीत बसून काटक्या सोडते, आणि पंचवीस मिनिटांत तिची बादली खोलीच्या मागे पोचलेली असते. पहिल्या वर्षी ती तिन्ही रात्री राहिली. तिसऱ्या दिवशी ओल्या केसांनी उन्हात बसून संत्रं सोलत होती, तेव्हाच माझे चार हजार वसूल झाले.

विहिरीचं पाणी पिण्यासाठीही हिच्यातच उकळतो. खळखळ उकळी एक मिनिटभर राहू द्यायची, मग गाळून हंड्यात.

जिथे ही उपयोगाची नाही तेही सांगते. मागच्या जुलैत पावसात नेली होती. सगळं सरपण ओलं, धूर डोळ्यात, पाऊण तासात पाणी जेमतेम कोमट. पावसाळ्यात न्यायची तर घरून पिशवीभर कोरडी सल आणि सालं नेली पाहिजेत. पाठीवर घेऊन लांब चालायचं असेल तर दीड लिटरची जड आणि अवजड होते. अर्ध्या-पाऊण लिटरच्याही मिळतात, एकट्यादुकट्यानं त्या घ्याव्यात. ॲल्युमिनियमची हलकी आणि स्वस्त असते, पण आमच्या हातून दगडावर पडते, म्हणून मी स्टील घेतलं आणि त्याचा मला आनंद आहे. एक बारीक पोचा आला आहे, गळत नाही. साखळीची कडी मात्र दुसऱ्याच महिन्यात उघडली. नागपूरच्या इतवारीतल्या एका भांडेवाल्यानं दहा मिनिटांत नवी कडी घालून दिली आणि किटली उलटसुलट बघत बसला. धुरांड्याच्या आत डांबरासारखा काळा थर धरतो. तो मी खरवडत नाही, कोरड्या फडक्यानं पुसते. काम झालं की पाणी पूर्ण काढून, बूच न लावता उन्हात उलटी ठेवायची, नाहीतर आत कुबट वास येतो.

आणि ही जंगलात नेऊ नका. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, कुठेच नाही. शेगडी बंद दिसते, पण धुरांड्यातून ठिणग्या उडतात, विशेषतः वरून काटकी सोडली की. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं बंधन आहे, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतात. त्या दिवसांत सागाच्या पानगळीचा थर घोटाभर असतो आणि एक ठिणगी पुरते. रामटेकला, खिंडसी तलावाच्या काठावर किंवा एखाद्या रिसॉर्टच्या आवारात वापरायची असेल तर आधी विचारा. आम्हीसुद्धा फेब्रुवारीनंतर बागेत ती पेटवत नाही, कारण शेजारच्या वावरात तोवर वाळलेली पऱ्हाटी उभी असते. शेगडीखाली मातीची जागा हातभर झाडून घेतो, बादलीत पाणी ठेवतो, आणि राख पाण्यानं विझवून, हात लावून गार झालेली बघितल्यावरच झाडाच्या आळ्यात टाकतो.

शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत पेटवायला ही घेऊ नका, त्यासाठी ही नाही. ज्यांच्याकडे वावर आहे, बाग आहे, थंडीत दोन रात्री उघड्यावर राहायची हौस आहे, आणि घरात कोणी म्हातारं माणूस आहे ज्याला पहाटे गरम पाणी लागतं, त्यांनी जरूर घ्यावी. जाळीसकट, दीड लिटरची, स्टीलची.

यंदा आई म्हणते आहे की तंबूत नको, गुडघे दुखतात, खोलीत झोपेन. पण गच्चीवर फडकं तिनं दिवाळीनंतर लगेच पसरलं. काल मी सालं वर-खाली करायला गेले तर तिनं ती आधीच हलवून ठेवली होती, आणि शेजारी सुतळीनं बांधलेली सलीची एक मोळी होती, सगळ्या काड्या किटलीच्या मापानं मोडलेल्या.